तेरातलं एक

फोटोवरून नाण्याची अवस्था सांगू नये, हे मी तीस वर्षं लोकांना बजावत आलो, आणि तीस वर्षं फोटोवरूनच सांगत आलो. काय करणार? लोक ऐकतात थोडेच! मेक्सिकोतल्या साकातेकासच्या बाजारातलं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान सकाळी उघडायच्या आत फोनवर चार-पाच नाणी येऊन पडलेली असतात. कुणाचं तोर्रेओनहून, कुणाचं त्याहून लांबून. "निकानोर मास्तर, जरा नजर टाका." मी टाकतो. कुठे नाणं घासलंय, कुठे लिंबू-मीठ चोळून त्याचं पार वाटोळं केलंय, कुठे लॉकेट करायला लावलेली कडी काढून डाग लपवलाय, सगळं सांगतो. निकानोरची नजर चुकत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू? चांगला मोठ्या आवाजात म्हणायचो. आता कुणी म्हणालं तर उठून आत जातो.

ओतिलिया माझी कोमाद्रे. तिच्या लग्नात नवऱ्यानं नवरीच्या ओंजळीत ओतायची तेरा नाणी मी आणि माझ्या बायकोनं, हेनोवेवानं, दिली होती. पुढे तिला उरिएल झाला तेव्हा बाप्तिस्म्याला त्याला आम्हीच हातावर घेतलं. म्हणून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. हे नातं रक्ताचं नसतं, पण कुणी तोडायला गेलं तर तुटत नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. हेनोवेवा गेली, मग ओतिलियाचा नवरा गेला, आणि दोन घरांत मिळून आम्ही तिघं उरलो.

ती तेरा नाणी साधीसुधी नव्हती बरं का. लोक काय, पितळेवर मुलामा दिलेलीही देतात. मी माझ्या वडिलांच्या पेटीतली कागदात गुंडाळलेली अख्खी चळत फोडली होती. १९४३ चे चांदीचे पेसो, टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या खिशात न गेलेले, पांढरेशुभ्र. चर्चमध्ये ती ओतिलियाच्या ओंजळीत खणखणली तेव्हा नवऱ्यापेक्षा मीच जास्त मिरवत होतो. हेनोवेवानं मला कोपरानं ढोसलं. "लग्न तुझं नाहीये," ती म्हणाली.

उरिएल बावीस वर्षांचा झाला आणि उत्तरेला, अमेरिकेत, निघाला. इथली पोरं जातातच, त्यात नवल काही नाही. जाणाऱ्याच्या पँटच्या कमरपट्टीत आई चांदीचा एक पेसो शिवते. खर्चायला नव्हे, सोबत म्हणून. आमच्या अर्ध्या गल्लीनं असे पेसो शिवले आहेत. बहुतेक जणी बाजारातून एखादा जुना, गुळगुळीत झालेला घेतात. कित्येकींनी माझ्याच दुकानातून नेला. ओतिलियानं मात्र लग्नातल्या तेरातला एक काढला, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला आणि शिवून टाकला.

"अहो, तेरा मोडलेत की तुम्ही," मी चिडवलं.

"परत आला की उसवून घेईन," ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "पँट शेवटी मलाच धुवायचीय त्याची."

मार्चात तो गेला. सीमेवरच्या गावातून एकदा फोन आला. उद्यापासून चालायचं आहे, बाकी सगळं ठीक, असं म्हणाला. त्यानंतर काही नाही. एक महिना गेला, सहा गेले, नाताळ गेला. त्याआधी नोव्हेंबरात, मेलेली माणसं घरी येतात म्हणून त्यांचे फोटो ठेवून पितरांचं मेज मांडतात तेव्हा, शेजारच्या कुणी बाईनं उरिएलचा विषय काढला तर ओतिलियानं तिला दारातूनच वाटेला लावलं. जित्या माणसाचा फोटो पितरांत ठेवत नाहीत, एवढंच म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात ते फोटो आले. बेपत्ता म्हणून नाव नोंदवलेल्या घरांना वकिलातीकडून असे फोटो येतात. सीमेपलीकडच्या वाळवंटात एका पुरुषाची हाडं सापडली होती, वय वीस ते तीसच्या मधलं. पँटच्या चिंध्या, आणि त्यात शिवलेला १९४३ चा पेसो. खाली लिहिलं होतं की हा आपला माणूस असण्याची शक्यता वाटत असेल तर आईनं येऊन थुंकीचा नमुना द्यावा.

ओतिलिया फोन हातात घेऊन दुकानात आली.

"बघा," ती म्हणाली.

"आधी बसा तरी."

"बसायला नाही आले मी. बघा आणि सांगा, हे आपलं आहे का."

नाण्याचे दोन फोटो होते, पुढून आणि मागून. अगदी सरळ वरून काढलेले, सगळीकडे सारखा उजेड. मी ते मोठे करून पाहिले. १९४३ चे पेसो ढिगानं निघाले होते, बाजारात आजही पाटीभर मिळतील, त्यामुळे सालावरून काही ठरत नव्हतं. ठरणार होतं ते झिजेवरून. आमचं नाणं कोरं होतं; इतर आयांनी शिवलेली वापरून वापरून गुळगुळीत झालेली. नाणं झिजतं तेव्हा आधी उंचवटे जातात, आणि या पेसोवर सगळ्यात उंच असते ती गरुडाची छाती. तिथली पिसं मोजता आली तर नाणं कोरं. फोटोतल्या गरुडाच्या छातीवर एकही पीस नव्हतं, नुसती सपाट होती.

मला काय झालं सांगू? आनंद झाला. माझा जीव भांड्यात पडला.

"हे आपलं नाही," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"कोमाद्रे, हे नाणं पंधरा-वीस वर्षं कुणाच्या तरी खिशात फिरलंय. आपली तेराच्या तेरा कोरी होती. मी दिली होती, मला माहीत नसणार? दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू आहे बिचारं."

"घरून बाकीची बारा आणू का? शेजारी ठेवून बघा ना."

"अहो, कशाला? निकानोर सांगतोय ना तुम्हाला!"

त्या क्षणी माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे. दहा मिनिटांचं काम होतं. बारा नाणी आणायची, टेबलावर मांडायची, बघायची. पण मला आता बघायचंच नव्हतं. हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि वर माझ्या नजरेची ऐटही राखली गेली होती. दोन्ही एकदम मिळाल्यावर कोण उठून तपासायला जातो?

ती तेव्हा कुठे बसली, आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून घरी गेली आणि दुपारी एक पातेलं घेऊन परत आली. लग्नात करतात तो डुकराच्या मटणाचा तांबडा रस्सा केला होता तिनं, कामाच्या दिवशी, एकट्या माणसासाठी. वकिलातीला कळवून टाकलं म्हणाली, आमचा नाही. येता येता चर्चमध्ये एक मेणबत्तीही लावून आली होती. "त्या दुसरीच्या पोरासाठी," ती म्हणाली. "तिला अजून कळलंही नसेल हो." मी रस्सा मिटक्या मारत खाल्ला. दोनदा वाढून घेतला.

आम्ही नाणेवाले दर रविवारी सकाळी चौकातल्या कॅफेत जमतो. तिथला फाउस्तिनो हा निवृत्त शाळामास्तर माझा जन्माचा वैरी आहे, आणि एक रविवार मी गेलो नाही तर दुकानात चौकशीला येतो. सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर, अवस्था सांगा."

चांदीचाच पेसो होता, पुढून काढलेला. मी कॉफीचा घोट घेता घेता बघितला. "भरपूर वापरलेलं. पंधरा वर्षं तरी खिशात."

"पक्कं?"

"पक्कं नाहीतर काय, कच्चं? छाती बघ की त्याची. तुला दिसत नसेल तर चष्मा बदल."

तो गालातल्या गालात हसला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. त्यातलं नाणं त्यानं खिडकीतल्या उन्हात तिरपं धरलं आणि हळूहळू फिरवलं. कोऱ्या नाण्यावर एक उजेडाची तिरीप असते, नाणं फिरवलं की ती चाकाच्या आरीसारखी गोल फिरते. वापरात पहिली जाते ती तीच. फाउस्तिनोच्या नाण्यावर ती सरसर फिरली, गरुडाच्या सपाट छातीवरूनसुद्धा.

"कुणाच्याही खिशात गेलेलं नाही हे," फाउस्तिनो म्हणाला. "टांकसाळीत ठोकाच नीट बसला नाही, पिसं उठलीच नाहीत. जे उठलंच नाही ते झिजणार कसं हो, मास्तर?"

सगळं टेबल खदखदून हसलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. अर्धवट ठोका आणि झीज फोटोत सारखीच दिसते. फरक फक्त त्या तिरिपीचा, आणि सरळ उजेडात काढलेल्या फोटोत ती तिरीप येतच नाही. हे मला माहीत नव्हतं? अरे, मीच तर शिकवतो हे नवशिक्यांना! मी उठलो, कॉफी सांडली, आणि टोपी तिथेच विसरून मी निघालो.

ओतिलिया अंगणात मिरच्या निवडत होती. "डबा द्या," मी म्हटलं. "बारा नाण्यांचा."

"आज काय मध्येच?"

"द्या म्हणतो ना!"

मी ती बारा नाणी अंगणातल्या उन्हात कट्ट्यावर ओळीनं मांडली. पहिल्यावर पिसं होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्याच्या गरुडाची छाती सपाट. चौथ्याची सपाट. बारापैकी सातांची छाती सपाट निघाली, आणि बाराच्या बारांवर ती तिरीप लखलखत फिरत होती. एकाच चळतीतली, एकाच ठशाखालची नाणी. इतक्या वर्षांपूर्वी चळत फोडताना मी फक्त चकाकी पाहिली होती आणि खूश झालो होतो. डोळे फुटले होते माझे.

"काळी पडलीत का?" तिनं विचारलं. "लिंबू लावून चोळू?"

"हात लावू नका!" मी खेकसलो. ती दचकली. "काही नाही," मी म्हटलं. "असंच बघायला आलो होतो." आणि भित्र्यासारखा तिथून निघून आलो. त्या दिवशी मी तिला काही सांगितलं नाही.

सांगितलं ते फाउस्तिनोला. माझी टोपी द्यायला तो दुकानात आला होता. सगळं ऐकून घेतलं आणि स्टुलावर मटकन बसला. टोमणा नाही, काही नाही. मग आम्ही दोघांनी मिळून वकिलातीला पत्र लिहिलं, की ज्यांच्याकडे ते नाणं आहे त्यांनी ते दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवावं आणि तेवढं चित्रण करून पाठवावं. अकरा दिवसांनी ते आलं. रबरी मोजा घातलेला एक हात, पिवळा दिवा, आणि नाणं. प्लास्टिकमध्ये राहिल्यानं कडेला जरा काळवंडलं होतं, तेवढंच. हात फिरला आणि गरुडाच्या सपाट छातीवरून उजेड गोल फिरून गेला. अठरा सेकंदांचं चित्रण. मी ते किती वेळा पाहिलं असेल, मोजलं नाही. सोबत एक टीप होती. वर्षअखेरपर्यंत कुणी पुढे आलं नाही तर हाडांचं दहन होईल आणि राख एका आकड्याखाली इतरांबरोबर ठेवली जाईल. आईचा नमुना जुळला तर सगळं घरी पाठवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओतिलियाकडे गेलो.

"कोमाद्रे, मी चुकलो," मी म्हटलं, आणि झालं ते सगळं सांगितलं. चळत, ठोका, सात नाणी, तो हात. ती शेगडीपाशी उभी राहून ऐकत होती. दुधावरची नजर तिनं काढली नाही.

"मे महिन्यात तुम्ही काय म्हणालात?" तिनं शांतपणे विचारलं. "पंधरा-वीस वर्षं खिशात फिरलंय म्हणालात."

"चुकीचं म्हणालो."

"तुम्ही चुकत नाही. सगळा बाजार म्हणतो."

"बाजार मूर्ख आहे! मी महामूर्ख आहे! हे बघा, इथे बघा ना जरा, उजेड कसा फिरतोय..."

तिनं फोनकडे पाहिलंही नाही. "वय झालं तुमचं, कोंपाद्रे. तेव्हा नजर चांगली होती. आता मोतीबिंदू उतरला असेल, डॉक्टरला दाखवून या."

"बरं, मी आंधळा. पण थुंकी तर देऊन या. आपला नसेल तर नाही म्हणून सांगतील. काय जातंय तुमचं?"

तेव्हा ती वळली. "काय जातंय?" ती म्हणाली. "माझं पोर जातंय. तुम्हाला कळत कसं नाही हो?"

मला कळत होतं. मीच तर तिला चार महिन्यांपुरता जिता मुलगा दिला होता, हातात नाणंसुद्धा न घेता. आता तो परत मागायला आलो होतो. तिनं दूध उतरवलं, माझ्यापुढे कॉफी ठेवली, आणि मी ती प्यायलो.

ऑक्टोबरात मी आणखी तीनदा गेलो. पहिल्या वेळी ती मिरच्यांच्या भावाविषयी बोलत राहिली. दुसऱ्या वेळी म्हणाली, हेनोवेवा असती तर तुम्हाला असलं अभद्र बोलू दिलं नसतं. तिसऱ्या वेळी आत रेडिओ चालू होता, पण दार उघडलं नाही. फाउस्तिनो म्हणाला, दुसरा कुणी नातेवाईक शोधा. पण होतं कोण? आईबाप दोन, त्यातला एक मातीत, आणि दुसरी दार लावून बसलेली.

नोव्हेंबर लागला. मी पितरांचं मेज मांडलं. झेंडूच्या पाकळ्या, मेणबत्त्या, पाव, मीठ, पाणी. आईवडील, माझा थोरला भाऊ, हेनोवेवा. आणि यंदा उरिएल. ओतिलियाला धडा शिकवायला नव्हे, शपथेवर सांगतो. पोर माझंही होतं. दीड वर्षांहून जास्त काळ त्याच्या नावानं कुठे एक मेणबत्ती लागली नव्हती. लागली होती ती कुणा दुसरीच्या पोराच्या नावानं. फोटोत तो अठरा वर्षांचा आहे, कुणाच्या तरी साखरपुड्यात माझी टोपी घालून हसतोय. तो फोटो मेजावर ठेवताना मी रडलो, आणि तोवर मी त्याच्यासाठी रडलो नव्हतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दर वर्षी दोन तारखेला सकाळी ओतिलिया हेनोवेवाला भेटायला येते. माझ्याहून जास्त त्या दोघींचं गूळपीठ होतं. यंदा ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तिनं बोलणंच टाकलं होतं माझ्याशी. नऊच्या सुमाराला दार वाजलं. ती काळी शाल घेऊन उभी होती, हातात फडक्यात बांधलेला पाव.

"तुमच्याकडे नाही आले," ती म्हणाली. "तिच्याकडे आलेय."

मी वाटेतून बाजूला झालो. मेज झाकायला वेळ नव्हता, आणि झाकून काय सांगणार होतो? तिनं हेनोवेवाच्या फोटोपुढे पाव ठेवला, क्रूसाची खूण केली, आणि मान वर केली तेव्हा तिला उरिएल दिसला.

"कोमाद्रे, मी..."

"गप बसा."

बाहेर गल्लीत लोक झेंडूचे भारे घेऊन दफनभूमीकडे चालले होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ती उभीच. तिचा हात पुढे झाला. आता फोटो उचलणार, असं मला वाटलं, आणि उचलला असता तर मी अडवणार नव्हतो. तिनं तिरकी झालेली चौकट सरळ केली. अंगठ्यानं काचेवरची धूळ पुसली. मग तिची नजर खाली गेली. पाचही जणांत मिळून मी एकच पेला भरून ठेवला होता.

"एवढंसंच पाणी?" ती म्हणाली. "अहो, किती चालून आलाय तो."

ती माझ्या स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मोठं मातीचं भांडं काठोकाठ भरून, दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर आली. अर्धं फरशीवर सांडलं. मी धरायला गेलो तर मला कोपरानं बाजूला केलं. ते भांडं तिनं त्याच्या फोटोसमोर टेकवलं, मग ओल्या फरशीवर तशीच बसली आणि मला विचारलं, ते थुंकी द्यायचं ऑफिस सोमवारी किती वाजता उघडतं.